पाणी काढलं तरी दम जात नाही: डायलिसिसच्या रुग्णांत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा दाह कसा ओळखतात

डायलिसिस युनिटमध्ये कुणाला दम लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वजन किती आलं? दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत दोन-अडीच किलो वाढलेले असतात. मध्ये रविवार आला असेल, घरात लग्न झालं असेल किंवा उन्हाळ्यात तहान आवरली नसेल तर आणखी. लघवी होत नाही म्हटल्यावर प्यायलेलं पाणी आधी पायांवर दिसतं आणि मग छातीत भरतं. मशीनवर घेऊन तीन लिटर ओढले की रात्रभर बसून काढलेला माणूस आडवा झोपू शकतो. त्यामुळे दम म्हणजे पाणी हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतो, आणि आधी तोच धरायला हवा.

पण काही थोड्या रुग्णांचं पाणी व्यवस्थित काढूनही दम तसाच राहतो. त्यांतल्या काहींच्या फुप्फुसात रक्त साठत असतं, कारण तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना दाह होऊन त्या झिरपू लागलेल्या असतात. डॉक्टर याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. आजार दुर्मिळ आहे. मात्र ओळखायला उशीर झाला तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो, आणि वेळेत ओळखला तर औषधांनी आटोक्यात येतो. डायलिसिसवर असलेल्या माणसात तो ओळखणं अवघड का जातं आणि डॉक्टर एकेक पायरी कशी चढतात, ते इथे नीट मांडायचं आहे.

मूत्रपिंड आणि फुप्फुस एकदम का?

फुप्फुसात हवेच्या अगदी लहान लहान पिशव्या असतात, कोट्यवधी. त्यांना वायुकोश म्हणतात. प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा इतका पातळ असतो की ऑक्सिजन सहज पलीकडे जातो. मूत्रपिंडातली गाळणीही अशाच बारीक रक्तवाहिन्यांच्या गुच्छांची बनलेली असते. शरीराची प्रतिकारशक्ती या जातीच्या रक्तवाहिन्यांवर उलटली की दोन्हीकडे एकाच सुमाराला मार बसतो.

हे उलटणं मुख्यतः दोन तऱ्हांनी होतं. जास्त आढळणारी तऱ्हा ‘अँका’ नावाच्या प्रतिपिंडांची (प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी, एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं). आपल्या पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल पेशी जंतू मारण्यासाठी तीव्र रसायनं जवळ बाळगतात. त्यांतल्या पीआर-३ किंवा एमपीओ या प्रथिनाविरुद्ध शरीर स्वतःच प्रतिपिंडं तयार करू लागतं. त्यामुळे चेतवलेले न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि आपली रसायनं तिथेच सोडतात. भिंत जळते, तिला छिद्रं पडतात. ही प्रतिपिंडं १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात मूत्रपिंडाचा दाह असलेल्या काही रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा दिसली. तेव्हा संशय गेला तो डासांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूवर. १९८५ मध्ये नेदरलँड्स आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी त्यांचं या आजाराशी असलेलं नातं दाखवलं, आणि रक्ताच्या साध्या नमुन्यावरून अशा आजाराचा माग काढता येऊ लागला.

दुसऱ्या तऱ्हेत प्रतिपिंडं रक्तवाहिनीच्या खालच्या पडद्यावरच थेट हल्ला करतात. याला अँटी-जीबीएम आजार म्हणतात. अमेरिकेतले अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९१९ मध्ये, फ्लूच्या महासाथीच्या काळात, फुप्फुसात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचा दाह होऊन दगावलेल्या अठरा वर्षांच्या मुलाची नोंद केली होती. पुढे याला त्यांचंच नाव मिळालं. हा आजार सहसा एकदाच येतो. अँकाचा आजार मात्र शांत झाल्यावर वर्षांनीही उलटू शकतो, आणि डायलिसिसच्या रुग्णाच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

जुन्या कागदांवर ‘वेगेनर’ असं लिहिलेलं असेल तर तो अँकाच्याच गटातला आजार आहे. २०११ पासून त्याला ‘ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस’, थोडक्यात जीपीए म्हणतात. दुसरा मोठा प्रकार ‘मायक्रोस्कोपिक पॉलीअँजायटिस’, एमपीए. फाईलमध्ये यांपैकी कोणतंही नाव असेल तर पुढचं सगळं अधिक लक्षपूर्वक वाचा.

डायलिसिस सुरू झालं म्हणजे आजार विझला का?

असं समजण्याला थोडा आधार आहे. डायलिसिसवर आलेल्या रुग्णांत अँकाचा आजार उलटण्याचं प्रमाण आधीपेक्षा कमी होतं, आणि जंतुसंसर्गाचा धोका मात्र मोठा असतो. म्हणून डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं हळूहळू कमी करतात, कधी बंदही करतात. ते योग्यच आहे. पण कमी होतं म्हणजे थांबतंच असं नाही. मूत्रपिंडात जळण्यासारखं काही उरलेलं नसतं, फुप्फुसं मात्र शाबूत असतात, आणि उलटलेला आजार तिथे दिसतो. पीआर-३ प्रतिपिंडं असलेल्यांत ही शक्यता एमपीओवाल्यांपेक्षा जास्त.

दुसरा गट मला जास्त काळजीचा वाटतो. आपल्याकडे कित्येक लोक पहिल्यांदा डॉक्टरकडे पोचतात तेव्हाच दोन्ही मूत्रपिंडं आक्रसलेली असतात. बायोप्सी करण्याची वेळ निघून गेलेली असते, क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारा रक्तातला आकडा) दहा-बाराच्या घरात असतं आणि मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, टाकून त्याच रात्री डायलिसिस लावावं लागतं. मूत्रपिंडं कशाने गेली हा प्रश्न तिथेच मागे पडतो. फाईलवर बीपी किंवा ‘सीकेडी’ (मूत्रपिंडाचा जुनाट आजार) एवढंच लिहिलं जातं. पुढे महात्मा जोतिराव फुले योजनेतून किंवा २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून घराजवळ सोय होते, माणूस शहरातल्या रुग्णालयातून तालुक्याच्या केंद्रावर येतो, आणि पहिल्या भरतीचे कागद तिकडेच राहतात. यांतल्या काहींची मूत्रपिंडं व्हॅस्क्युलायटिसनेच गेलेली असू शकतात आणि ते कुणाला ठाऊक नसतं. प्रत्येक डायलिसिस फाईलच्या पहिल्या पानावर ‘मूत्रपिंड कशामुळे गेलं’ याचं उत्तर असावं, आणि ते माहीत नसेल तर ‘कारण माहीत नाही’ असंही स्पष्ट लिहिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. ते तीन शब्द पुढच्या डॉक्टरला विचार करायला लावतात.

तिसरा गट औषधांमुळे आजार होणाऱ्यांचा. डायलिसिसच्या रुग्णाचं बीपी तीन-तीन गोळ्यांना दाद देत नाही तेव्हा कधी हायड्रालाझिन दिलं जातं. औषध जुनं आणि उपयोगी आहे, पण काही थोड्या जणांत महिन्यांनी किंवा वर्षांनी तेच अँका प्रतिपिंडं तयार करायला लावतं आणि फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. थायरॉइडसाठी दिल्या जाणाऱ्या प्रोपिलथायोयुरॅसिलचंही तसंच. अशा वेळी औषध ओळखून बंद करणं हा उपचाराचा पहिला भाग असतो. म्हणून गोळ्यांची यादी सांगताना ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावर भागत नाही, पाकीट सोबत न्यावं लागतं.

खुणा एकेक करून पुसल्या जातात

धडधाकट माणसाला हा आजार होतो तेव्हा डॉक्टरला संशय यायला पुष्कळ जागा असतात. लघवीत रक्त आणि प्रथिनं सापडतात, क्रिएटिनिन आठवड्यात दुप्पट होतं, हिमोग्लोबिन घसरतं, दाह दाखवणारं सीआरपी वाढतं.

डायलिसिसच्या रुग्णात यातलं काय उरतं ते पाहा. लघवी होतच नाही किंवा जेमतेम होते. क्रिएटिनिन वाढलेलंच असतं. रक्त बनवायला लावणारं, मूत्रपिंडात तयार होणारं एरिथ्रोपोएटिन कमी पडल्याने हिमोग्लोबिन आधीपासून कमी असतं. सीआरपी बऱ्याच जणांत कायम थोडं चढलेलं. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात, त्यामुळे नाकातून रक्त आलं तरी बोट हेपरिनकडे जातं. थकवा, अंग दुखणं, भूक न लागणं हे तर डायलिसिसच्या खोलीत रोजच ऐकू येणारे शब्द. प्रत्येक खुणेला एक सोपं उत्तर हाताशी असतं आणि सुटं सुटं पाहिलं तर ते चूकही नसतं. सगळ्या खुणा एकाच आठवड्यात एकत्र आल्या आहेत का, हे पाहणारा कुणीतरी लागतो.

डायलिसिसच्या चार्टवरच्या नोंदी जवळून पाहू. समजा अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी आहेत. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं ठरलेलं वजन, ५२ किलो. दोन तारखेला येताना वजन ५४.५, जाताना ५२, हिमोग्लोबिन ९.८. नऊ तारखेला जाताना पुन्हा बरोबर ५२, पण ‘रात्री उशा लावून झोपते’ ही तक्रार कायम आणि हिमोग्लोबिन ८.१. एरिथ्रोपोएटिनचा डोस वाढवला. सोळा तारखेला हिमोग्लोबिन ६.९, रक्ताची एक पिशवी चढवली. एका पिशवीने साधारण एक ग्रॅम वाढतं, तसं ते आठच्या जवळ पोचलं. पाच दिवसांनी पुन्हा ७.

इथे थांबायला हवं. एरिथ्रोपोएटिन कमी पडल्याने हिमोग्लोबिन आठवड्या-आठवड्याला असं कोसळत नाही, आणि चढवलेली पिशवी पाच दिवसांत नाहीशी होत नाही. रक्त कुठेतरी जात आहे. डायलिसिसच्या रुग्णात पोटातून, आतड्यांतून रक्त जाणं बरंच आढळतं, म्हणून शौच काळी होते का हे आधी विचारायचं. ती साधी असेल आणि दम वाढत असेल, तर छातीकडे वळायचं.

याच चार्टमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ५२ हे ड्राय वेट सहा महिन्यांपूर्वी ठरवलेलं. मध्यंतरी आजारामुळे मावशींची भूक गेली, अंगावरचं मांस तीन किलोंनी उतरलं. खरं ड्राय वेट आता ४९ असायला हवं. म्हणजे काटा ५२ दाखवतो तेव्हा त्यात तीन लिटर पाणीच असतं. अशा रुग्णाच्या छातीत पाणीही असू शकतं आणि रक्तही. पाणी थोडं ओढलं की थोडं बरं वाटतं, आणि त्या थोड्या आरामामुळे निदान आणखी लांबतं. मनगटावरून बांगड्या सैल झाल्यात, ब्लाउज ढगळ होतोय, हे घरच्यांना आधी कळतं. ते युनिटमध्ये सांगितलं पाहिजे.

थुंकीतून रक्त येईलच असं नाही

फुप्फुसात रक्तस्राव म्हटलं की खोकताना रक्त पडेल अशी आपली कल्पना असते. पण वायुकोशांत सगळीकडे रक्त झिरपणाऱ्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत सुरुवातीला थुंकीत रक्ताचा थेंबही दिसत नाही. शेतातली मोठी पाइपलाइन फुटली तर कारंजं लांबूनही दिसतं. ठिबकच्या नळ्यांना जागोजागी बारीक चिरा पडल्या तर रान आतून ओलं होत राहतं आणि बांधावरून काहीच कळत नाही. इथेही मोठी वाहिनी फुटलेली नसते, लाखो सूक्ष्म वाहिन्या एकाच वेळी पाझरत असतात.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. खूप पाणी साठलं तरी गुलाबी फेस येतो. हृदयाची मायट्रल झडप आकसलेली असेल तरी थुंकीत रक्त दिसतं, आणि लहानपणी संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले लोक आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून थुंकीतलं रक्त पाहून व्हॅस्क्युलायटिस ठरवता येत नाही, आणि ते नाही म्हणून नाकारताही येत नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मात्र करावाच लागतो.

छातीबाहेरच्या खुणा विचारून आणि तपासून काढाव्या लागतात. नाकात वारंवार खपल्या धरणं, महिनोन्महिने न हटणारं सायनस, अचानक कमी ऐकू येणं, डोळा लाल होऊन दुखणं, पायांवर दाबल्यावर न विरणारे जांभळे ठिपके, सांधे धरणं. एखाद्याचं पाऊल किंवा मनगट एकाएकी लुळं पडून लटकू लागतं, कारण नसेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही दाहात सापडतात. डायलिसिस आणि मधुमेह दोन्ही असलेल्या माणसाच्या पायाला मुंग्या येणं नेहमीचं, पण एका रात्रीत पाऊल उचलता न येणं नेहमीचं नाही.

आधी पाणी काढून पाहायचं

हा तपासाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी टप्पा आहे. दम लागलेल्या रुग्णाचा छातीचा फोटो काढतात, त्यात दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतात. पाणी, न्यूमोनिया आणि रक्तस्राव तिन्ही फोटोत जवळजवळ सारखे दिसू शकतात. मग लागोपाठ दोन-तीन दिवस डायलिसिस करून, ड्राय वेटच्याही थोडं खाली नेऊन पाणी काढतात आणि पुन्हा फोटो काढतात. पाण्याचे डाग भराभर विरतात. डाग तसेच राहिले, किंवा वाढले, तर कारण दुसरं आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहणं फार मोलाचं, म्हणून जुनी फिल्म किंवा मोबाइलवर काढलेला तिचा फोटो जपून ठेवा. अर्थात रुग्णाचा ऑक्सिजन झपाट्याने घसरत असेल तर या प्रयोगाचा निकाल यायची वाट पाहत बसत नाहीत, बाकीच्या तपासण्या बरोबरीने सुरू होतात.

पुढची पायरी छातीचा सीटी स्कॅन, एचआरसीटी. त्याला शिरेतून रंगद्रव्य द्यावं लागत नाही. रक्तस्रावात धूसर पांढरे पट्टे दिसतात, रिपोर्टमध्ये त्यांना ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात. बऱ्याचदा ते मध्यभागी जास्त असतात आणि फुप्फुसाची कड सुटलेली असते. पाण्यात मध्ये-मध्ये जाडसर रेषा, छातीच्या पोकळीत दोन्हीकडे पाणी आणि मोठं झालेलं हृदय दिसतं. जीपीएत गोल गाठी आणि आतून पोकळ झालेल्या गाठीही सापडतात. पण ‘पोकळी’ हा शब्द आपल्याकडे लगेच वेगळ्याच रस्त्याला नेतो.

टीबी आणि कॅथेटरचा संसर्ग

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि डायलिसिसवर असलेल्यांना टीबी होण्याचा धोका इतरांहून कितीतरी जास्त. ताप, वजन उतरणं, खोकला, थुंकीत रक्त, सीटीत पोकळी: ही यादी टीबीची आहे आणि जशीच्या तशी जीपीएचीही. टीबीचा संशय घेण्यात काहीच गैर नाही, तो घ्यायलाच हवा. प्रश्न पुढे येतो. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि ‘दोन महिने पाहू’ असं ठरतं. व्हॅस्क्युलायटिस असेल तर ते दोन महिने मिळत नाहीत. उलट, टीबी असलेल्याला व्हॅस्क्युलायटिस समजून जोरदार स्टिरॉइड दिलं तर टीबी अंगभर पसरतो. म्हणून बेडका किंवा दुर्बिणीने काढलेलं पाणी सीबीनॅट तपासणीला पाठवणं आणि जंतूंचा पुरावा शोधणं यात कसूर करून चालत नाही. सीबीनॅटचं उत्तर काही तासांत येतं.

दुसरा बहुरूपी म्हणजे कॅथेटरचा संसर्ग. मानेतल्या किंवा छातीवरच्या कॅथेटरच्या टोकाशी जंतू वाढले की त्या गुठळीचे तुकडे सुटून थेट फुप्फुसात जातात. तिथे गोल गाठी होतात, त्या पोकळ होतात, आणि सीटी हुबेहूब जीपीएसारखा दिसतो. जंतू हृदयाच्या झडपेवर बसले तर आणखी घोटाळा होतो, कारण झडपेच्या संसर्गात अँकाची तपासणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. टीबीतही ती कधीकधी पॉझिटिव्ह येते. अशा रुग्णाला केवळ रिपोर्ट पाहून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर परिणाम भयंकर होतात. म्हणूनच अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) घेतात, शक्य असेल तर कॅथेटरमधून आणि हाताच्या शिरेतून असं दोन्हीकडून, आणि इकोत झडपा बारकाईने पाहतात. डायलिसिस लावल्यावर तासाभरात थंडी वाजून ताप भरत असेल तर पारडं संसर्गाकडे झुकतं.

अँकाचा रिपोर्ट कसा वाचायचा

रक्ताची ही तपासणी मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते, तालुक्याहून नमुना पाठवावा लागतो आणि उत्तराला काही दिवस लागतात. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची चमक पाहून ‘सी-अँका’ किंवा ‘पी-अँका’ असं सांगत. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलं की सुरुवातीलाच पीआर-३ आणि एमपीओ यांची थेट मोजणी करावी, कारण ती जास्त खात्रीची. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘अँका’ न लिहिता ही दोन नावं लिहिलेली असतील तर बरं. त्याच नमुन्यातून अँटी-जीबीएम तपासणंही गरजेचं, कारण काही जणांत दोन्ही प्रतिपिंडं एकत्र सापडतात. ल्युपस या प्रतिकारशक्ती उलटण्याच्या दुसऱ्या आजारातही फुप्फुसात असाच रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे एएनए आणि कॉम्प्लिमेंट या तपासण्याही बरोबरच करून घेतात.

आकडा किती आणि रुग्ण कसा आहे, दोन्ही मिळून अर्थ लागतो. चित्र जुळत असताना पीआर-३ किंवा एमपीओ भरपूर वाढलेलं असेल तर निदानाला मोठं बळ मिळतं. किंचित वाढलेलं असेल आणि दम, डाग, हिमोग्लोबिनची घसरण यांपैकी काहीच नसेल तर त्यावर औषध देत नाहीत. पीआर-३ आणि एमपीओ दोन्ही एकदम पॉझिटिव्ह असतील, एएनएही पॉझिटिव्ह असेल, तर हायड्रालाझिनसारखं औषध चालू आहे का हे पुन्हा विचारतात. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून आजार नाहीच असं म्हणता येत नाही. काही रुग्णांत प्रतिपिंडं सापडतच नाहीत. ज्यांना आजार आधी होऊन गेलाय त्यांनी मागचे आकडे जपून ठेवावेत. शांत झालेला आकडा पुन्हा चढताना दिसला तर तेवढ्यावर उपचार सुरू करत नसले तरी लक्ष मात्र वाढवतात.

दुर्बिणीची तपासणी

रक्तस्राव आहे की नाही याचं सगळ्यात थेट उत्तर ब्रॉन्कोस्कोपी देते. नाकातून किंवा तोंडातून बारीक दुर्बीण श्वासनलिकेत घालतात, फुप्फुसाच्या एका भागात तिचं टोक टेकवतात, मीठपाणी सोडतात आणि परत ओढून बाटलीत जमा करतात. त्याच जागी हे सहसा तीनदा करतात. बाटल्या ओळीने ठेवल्या की फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. वरच्या नळीतलं रक्त खाली ओघळलं असेल तर पहिली बाटली लाल आणि पुढच्या फिकट होत जातात. वायुकोशांतूनच रक्त येत असेल तर उलटं घडतं: पहिली गुलाबी, दुसरी लाल, तिसरी त्याहून गडद. रक्तस्राव दोन-तीन दिवसांहून जुना असेल तर रक्तातलं लोह गिळलेल्या पेशीही सापडतात. विशिष्ट रंग घातला की त्या निळ्या दिसतात.

याच पाण्यातून टीबी, बुरशी आणि इतर जंतूंच्या तपासण्या होतात, त्यामुळे माझ्या मते एका तपासणीत इतकी माहिती दुसरी कुठलीच देत नाही. मूत्रपिंड निकामी असताना रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशी नीट काम करत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी हेपरिनशिवाय डायलिसिस करून घेतात आणि गरज वाटल्यास रक्तस्राव रोखणारं इंजेक्शनही देतात. ऑक्सिजन फारच कमी असेल तर ही तपासणी व्हेंटिलेटरवर किंवा थोडी थांबून करावी लागते.

बायोप्सीबद्दल थोडंच. आक्रसलेल्या मूत्रपिंडाचा तुकडा काढून फारसं हाती लागत नाही, त्यात नुसते वण दिसतात. डायलिसिस नुकतंच सुरू झालं असेल आणि मूत्रपिंडाचा आकार चांगला असेल तर मात्र ती बायोप्सी अजूनही खूप काही सांगते. नाकातला किंवा कातडीवरच्या ताज्या ठिपक्याचा तुकडा घेणं सोपं असतं. फुप्फुसाचा तुकडा शस्त्रक्रियेने काढणं हा शेवटचा पर्याय, बाकी सगळं करूनही कोडं सुटलं नाही तरच.

उपचार कधी सुरू होतात

रिपोर्टची वाट पाहत रुग्ण बुडत असेल तर डॉक्टर थांबत नाहीत. संसर्गाचे नमुने घेऊन झाले, चित्र जुळतंय, ऑक्सिजन घसरतोय, अशा वेळी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शिरेतून साधारण तीन दिवस देतात, अनेकदा अँटिबायोटिकच्या जोडीने. ‘संसर्गाचंही औषध आणि दाहाचंही औषध एकदम का?’ असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. डॉक्टरांचा गोंधळ झालाय असं समजू नये. खात्री होईपर्यंत दोन्ही बाजू राखाव्या लागतात.

पुढे सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब, ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. पहिलं डायलिसिसमध्ये काही प्रमाणात धुऊन जातं, म्हणून त्याचा डोस आणि वेळ डायलिसिसच्या दिवसाशी जुळवून ठरवतात. दुसऱ्याच्या आधी हिपॅटायटिस बी तपासणं अत्यावश्यक, कारण लपलेला विषाणू डोकं वर काढू शकतो. रक्तातली प्रतिपिंडं गाळून काढण्याची प्लाझ्मा एक्स्चेंज नावाची प्रक्रिया अँटी-जीबीएम आजारात लागतेच. अँकाच्या आजारात तिची बाजू तितकी भक्कम नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७०४ रुग्णांवरच्या पेक्सिव्हास अभ्यासात तिच्यामुळे मृत्यू किंवा कायमचं डायलिसिस यांचं एकत्रित प्रमाण कमी झालं नाही. त्याच अभ्यासात स्टिरॉइडचा कमी डोसही तितकाच काम देतो आणि गंभीर संसर्ग कमी होतात असं दिसलं. डायलिसिसच्या रुग्णासाठी ही फार चांगली बातमी आहे, कारण उपचार सुरू झाल्यावर त्याला सगळ्यात मोठं भय संसर्गाचंच असतं.

मूत्रपिंडं परत काम करू लागतील का, हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. डायलिसिस काही आठवड्यांपूर्वीच लागलं असेल तर काही जण उपचारानंतर मशीनवरून उतरतात. वर्षं झाली असतील तर तशी आशा धरता येत नाही. तेव्हा उपचार फुप्फुसांसाठी आणि जिवासाठी असतात. प्रत्यारोपणाचा रस्ता मात्र बंद होत नाही, आजार किमान सहा महिने पूर्ण शांत असावा लागतो.

रात्री-अपरात्री अनोळखी रुग्णालयात जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला काही मिनिटांत चित्र कळायला हवं. मूत्रपिंड गेल्याचं मूळ कारण आणि पहिल्या भरतीचं डिस्चार्ज कार्ड, गेल्या दोन महिन्यांचे हिमोग्लोबिनचे आकडे, रक्त कधी चढवलं त्या तारखा, ड्राय वेट शेवटचं कधी बदललं, छातीचे जुने फोटो, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि पूर्वीचा अँकाचा रिपोर्ट, एवढं एका पिशवीत तयार ठेवा. दम, हिमोग्लोबिनची घसरण आणि पाणी काढूनही न जाणारे डाग ही तिन्ही एकत्र असतील तर ‘व्हॅस्क्युलायटिसची शक्यता पाहिली का?’ असं सरळ विचारा, कुठल्याही चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. आणि थुंकीत रक्त दिसलं असेल, थोडंसं का होईना, तर ते मशीन लावण्यापूर्वीच टेक्निशियनला सांगा, म्हणजे त्या दिवशीचं डायलिसिस हेपरिनशिवाय करता येतं.